पाटाच्या पाण्याचा हिशेब

१९५०-५१च्या हंगामात लोणीच्या माळावर साखर कारखान्याचं पहिलं गाळप झालं. भाग शेतकऱ्यांचे, ऊस शेतकऱ्यांचा, नावही त्यांच्याच नदीचं. अध्यक्ष मात्र लोणीचे नव्हते आणि ऊस लावणारेही नव्हते. ते होते धनंजयराव गाडगीळ, पुण्यात डेक्कन जिमखान्यावरच्या एका संशोधन संस्थेचे संचालक. उपाध्यक्ष विठ्ठलराव विखे पाटील लोणीचेच शेतकरी. त्यांचं शालेय शिक्षण लवकरच सुटलं होतं. प्रवरा सहकारी साखर कारखान्याची सुरुवातीची सुमारे दहा वर्षं या जोडीनं सांभाळली.

अर्थशास्त्राचा प्राध्यापक सल्ला देतो, समितीवर जातो, अहवाल लिहून मोकळा होतो. बॉयलर, कर्जाचे हप्ते, वजनकाटा आणि उसाचा भाव यांची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेऊन दहा वर्षं त्या खुर्चीत बसणारा प्राध्यापक विरळाच. गाडगीळ त्या खुर्चीपर्यंत कसे पोहोचले, याची कथा उसापासून सुरू होत नाही. पुण्याच्या मंडईतली फळं, नगर-सातारच्या रस्त्यांवरच्या मोटारी आणि पेठांमधली घरं यांच्यापासून ती सुरू होते. तिच्याही आधी एक छोटं गाव येतं.

ते गाव म्हणजे पिंपळे सौदागर. आज तिथे उंच इमारती आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणाऱ्यांची वस्ती आहे. हॅरल्ड मान १९०७ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून आले, तेव्हा ते पुण्याजवळचं साधं शेतीचं खेडं होतं. मान रसायनशास्त्रज्ञ, त्याआधी ते चहाच्या मळ्यांसाठी संशोधन करत होते. शेतकीचे पदवीधर घडवायचे तर शेतकऱ्याचा संसार आधी कळला पाहिजे, या विचारानं ते द. ल. सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे या सहकाऱ्यांना घेऊन त्या गावात गेले. माती तपासली, विहिरी मोजल्या, कर्ज विचारलं, जुनी दप्तरं उलगडली. १९१७ साली पुस्तक आलं. त्यातला एक आकडा पुढे देशभर उद्धृत झाला: १७७१ साली या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, १९१५च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. चांगलं बियाणं आणि खत यांचे प्रयोग महाविद्यालयाच्या शेतावर कितीही यशस्वी झाले, तरी सात एकरांच्या विखुरलेल्या तुकड्यांवर त्यांचं काय होणार, हा प्रश्न त्या आकड्यानं उभा केला. पुण्यातल्या उच्च शिक्षणाला खेड्याच्या पांदीवर नेण्याची सवय इथे लागली, असं मी मानतो.

पुढचा टप्पा १९३०चा. साताऱ्याचे रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजानं गोखल्यांच्या नावानं अर्थशास्त्र व राज्यशास्त्राची संस्था काढली. गोखल्यांनी १९०५ साली स्थापलेल्या समाजाच्या आवारातच, तिथल्या समृद्ध ग्रंथालयाच्या आधारानं, काम सुरू झालं. संचालक गाडगीळ तेव्हा २९ वर्षांचे होते. जन्म नाशिकचा, शालेय शिक्षण नागपूरचं, पुढे केंब्रिज. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा त्यांचा प्रबंध ऑक्सफर्डनं १९२४ सालीच छापला होता. सुरतेत ते महाविद्यालयाचे प्राचार्यही होते. अशा माणसानं पुण्यात येऊन मोठे सिद्धान्त मांडले असते, तर कुणाला नवल वाटलं नसतं. संस्थेच्या पहिल्या काही प्रकाशनांत मात्र एक पाहणी निघाली ती पुण्यातल्या फळबाजाराची. साल १९३३.

फळ बागेतून निघतं आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडतं, या मधल्या वाटेवर कोण कोण उभं असतं? अडत्या किती घेतो, दलाल कशावर जगतो, माल पडून राहिला तर नुकसान कुणाच्या माथी? हे प्रश्न बाजारात रोज उभे राहणाऱ्याला ठाऊक असतात, पण ते कागदावर कुणी मांडलेले नव्हते. दोन वर्षांनी, १९३५ साली, गाडगीळ आणि गोगटे यांनी मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतल्या मोटार वाहतुकीची पाहणी छापली. एकेका गाडीचे मालक रस्त्यावर एकमेकांशी स्पर्धा करत होते. गाडी कधी सुटायची हे वेळेपेक्षा उतारूंवर ठरायचं. सरकारी एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला धावली ती १ जून १९४८ रोजी. त्या गाडीमागे या अहवालाचा हात होता, असा दावा मी करणार नाही. एसटीच्या आधीचा तो रस्ता कसा होता हे आज वाचायचं असेल, तर मात्र तोच अहवाल काढावा लागतो.

मग आली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी. क्षेत्रकाम १९३६-३७चं, पहिला खंड १९४५ला निघाला, दुसरा १९५२ला. एका शहराचं असं घरोघर फिरून केलेलं वर्णन भारतात तोवर फारसं झालेलं नव्हतं. कुटुंब किती जणांचं, कमावतं कोण, भाडं किती, मूळ गाव कोणतं, मुलाचा धंदा बापाच्या धंद्यापेक्षा वेगळा आहे का, असे प्रश्न घेऊन पाहणी करणारे पेठांमधून फिरले. हे काम करता करताच तरुण मुलं अर्थशास्त्र शिकत होती. मुंबई विद्यापीठाच्या मान्यतेनं संस्थेत पदव्युत्तर विद्यार्थी संशोधन करत. पण खरी शाळा दारात उभं राहून प्रश्न विचारण्याची होती. लोकांना उत्पन्न विचारलं तर ते सांगत नाहीत, आणि सांगितलं तर तो आकडा धरून चालता येत नाही. तोच प्रश्न पाच वेगवेगळ्या बाजूंनी विचारायचा, घरातल्या वस्तूंशी ताडून बघायचा आणि मग जुळत नसेल तर पुन्हा जायचं.

शेतीच्या पाहणीत हे दुप्पट कठीण होतं. वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी संस्थेनं १९४० साली प्रसिद्ध केली. शेतकऱ्याच्या घरची माणसं राबतात, घरचे बैल चालतात, घरचं शेणखत पडतं. त्यांची मजुरी आणि किंमत धरली तर शेती तोट्यात दिसते, न धरली तर फायद्यात. यातलं खरं कोणतं? वर्गात हा प्रश्न एका परिच्छेदात संपतो. बांधावर बसलेल्या माणसासमोर तो संपत नाही, कारण त्या उत्तरावर त्याचं कर्ज, त्याच्या पिकाचा भाव आणि त्याच्या मुलानं शेतात राहायचं की नाही, हे सगळं टांगलेलं असतं.

इथून आपण पाटाच्या पाण्याकडे वळतो. दख्खनचे कालवे दुष्काळावर उतारा म्हणून खणले गेले. नीरा डावा कालवा १८८५चा. पुढे गोदावरीचे कालवे झाले आणि भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झाल्यावर प्रवरेच्या कालव्यांना भरवशाचं पाणी आलं. सरकारची अपेक्षा होती की शेतकरी ज्वारी-बाजरीला पाणी घेतील. पाऊस बरा झाला की शेतकरी पाणी घेतच नसत. पाणीपट्टी भरून ज्वारी परवडायची नाही. पाण्याचे पैसे परत देणारं पीक एकच होतं, ऊस. म्हणून दुष्काळासाठी आणलेलं पाणी उसाकडे वळलं. काळ्या जमिनीत ते मुरलं आणि काही ठिकाणी जमिनी खारवटल्या. पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून १८८३ साली पदवी घेतलेल्या विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली: ठरलेल्या क्षेत्राला ठरलेलं पाणी, त्यातल्या एका भागातच ऊस. तीही एका शिक्षित माणसानं पाटावर उभं राहून शोधलेलीच वाट होती. इथे तिच्यात अधिक शिरत नाही. तिच्यावर स्वतंत्र लेख व्हावा.

ऊस पिकवणाऱ्याच्या हातात तेव्हा गुऱ्हाळ होतं. चरकावर रस काढायचा, काहिलीत आटवायचा, गुळव्यानं अचूक क्षणी उतरवायचा आणि ढेपा बाजारात पाठवायच्या. तिशीच्या मंदीत गुळाचे भाव कोसळले तेव्हा बागायतदार कर्जात रुतला. त्याच सुमारास, १९३२ साली, सरकारनं देशी साखरेला जकातीचं संरक्षण दिलं आणि साखर कारखाने वेगानं उभे राहिले. प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात हरेगावला आणि टिळकनगरला खाजगी कारखाने होते. या भागातल्या खाजगी कारखान्यांचं एक वैशिष्ट्य असं की, त्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेऊन स्वतःचे मोठे मळे वसवले. साखरेचा भाव चढला तर नफा कंपनीचा. जमिनीच्या मालकाला ठरलेला खंड. ज्याचा स्वतःचा ऊस होता तो पुन्हा गुऱ्हाळावरच.

त्यात उसाचा एक स्वभावही आड येतो. धान्य कणगीत ठेवून भावाची वाट पाहता येते. ऊस तुटला की त्यातली साखर तासागणिक उतरू लागते. दिवसभरात गाळला नाही तर नुकसान ठरलेलं. तोडलेला ऊस घेऊन फाटकाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला घासाघीस करायला वेळच नसतो. उसात गिरणी ज्याची, भाव त्याचा, यामागे हे साधं रसायन आहे.

गाडगीळांच्या संस्थेनं गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभांची जी पाहणी केली, तिचा अहवाल १९४८ साली आला. माझ्या मते ही तिची सर्वांत महत्त्वाची पाहणी. सरकार कालव्याचा हिशेब पाणीपट्टीनं मांडत असे: भांडवल इतकं, वसुली इतकी, म्हणजे कालवा तोट्यात. संस्थेनं प्रश्नच बदलला. पाटावरची शेती आणि कोरडवाहू शेती शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, की एकरी उत्पन्नात फरक किती, मजुरीचे दिवस किती वाढले, व्यापार आणि वाहतुकीला किती काम मिळालं. पाण्याचा लाभ पाणीपट्टीच्या पावतीवर मावत नाही, तो सबंध मुलखात पसरतो. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे लाभ वेगळे मोजण्याचं हे काम भारतात सुरुवातीच्या अशा कामांपैकी होतं. एखाद्या प्रकल्पाच्या लाभ-खर्चाचं गणित आज सहज मांडलं जातं. त्यामागे वह्या घेऊन चाऱ्यांवरून हिंडलेली ही माणसं आहेत.

अशा पाहणीतून पुढचा प्रश्न आपोआप निघतो. लाभ मुलखात पसरतो हे दिसलं. पण तो राहतो कुणाकडे? ऊस पिकवणाऱ्याकडे, की रसाची साखर करणाऱ्याकडे?

१९४५ साली बेलापूर भागात दख्खनच्या कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष म्हणून बोलावलं गाडगीळांना. उसावरची प्रक्रिया ऊसवाल्यांनीच सहकारानं हातात घ्यावी, हा विचार तिथे पुढे आला. परिषदा खूप होतात. ही टिकली, कारण ऐकणाऱ्यांत विठ्ठलराव विखे होते. १८९७चा जन्म. १९२३ सालीच त्यांनी लोणीत सहकारी पतपेढी सुरू केली होती. सावकारीच्या मुलखात ती वीस वर्षं चालवली होती. सहकार म्हणजे वेळेवर वसुली, चोख हिशेब आणि शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन राहण्याची तयारी, हे ते पुस्तकातून शिकले नव्हते. भाग गोळा करण्यासाठी ते गावोगाव हिंडले. दुष्काळ पाहिलेल्या, कंपन्यांना जमिनी देऊन बसलेल्या शेतकऱ्यांकडून न दिसणाऱ्या कारखान्यासाठी रोख पैसे काढणं काय असतं, याची कल्पना आज करणं अवघड आहे. त्यासाठी विखे पाटलांचा शब्द लागला. मुंबई सरकारनं भागभांडवलात वाटा उचलावा, औद्योगिक वित्त महामंडळानं कर्ज द्यावं, यासाठी मात्र दुसऱ्या प्रकारचा शब्द लागत होता, तो गाडगीळांचा. अर्थ आणि सहकार खातं वैकुंठभाई मेहतांकडे होतं. तेही सहकारातच मुरलेले. त्यांनी पाठीशी उभं राहायचं ठरवलं.

प्रवरा हा आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना, असं आपल्याकडे सर्रास लिहितात. ते खरं नाही. आंध्रात एटिकोप्पाका इथे १९३३ सालीच एक निघाला होता. प्रवरेचं मोठेपण पहिलेपणात नाहीच. या कारखान्यानं जी घडण बसवली, ती पुढे महाराष्ट्रभर गेली: ऊस लावणारे सभासद, सरकारचा भांडवलात तात्पुरता वाटा, मुदतीच्या कर्जाचा आधार, आणि सभासदाला भाव देताना कारखान्याच्या कर्जफेडीचाही विचार करणारं संचालक मंडळ.

या मंडळातल्या अध्यक्ष-उपाध्यक्षांच्या नात्याबद्दल थोडं बोलायला हवं. विद्वानानं वाट दाखवली आणि शेतकरी चालले, अशी ही हकीकत सांगण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. गाडगीळांकडे पंधरा-वीस वर्षांच्या पाहण्यांचं भांडार होतं; कर्ज, बाजार, वाहतूक यांचे धागे त्यांना एकत्र दिसत होते. पण कुठल्या गावात कोण कुणाचं ऐकतं, उसाची तोड कुणाची आधी लावली तर तंटा होणार नाही, कर्ज बुडवणारा कोण आणि अडचणीत सापडलेला कोण, हे ज्ञान विख्यांचं होतं. दोन्ही ज्ञानांशिवाय चिमणी पेटली नसती. साठीच्या उंबरठ्यावर गाडगीळ बाजूला झाले आणि अध्यक्षपद विखे पाटलांकडे गेलं. १९६१ साली विखे पाटलांना पद्मश्री मिळाली आणि त्याच साली पंडित नेहरू प्रवरानगरला येऊन गेले.

कारखान्यातलं शिक्षण उलटही वाहत गेलं. रिझर्व्ह बँकेनं अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीसाठी गोरवाला समिती नेमली, तिच्यावर गाडगीळ होते. ७५ जिल्हे, ६०० गावं. १९५४ साली अहवाल आला आणि त्यातला एक आकडा झोप उडवणारा होता: शेतकरी जेवढं कर्ज घेतो, त्यातलं सहकारी संस्थांकडून फक्त सुमारे ३ टक्के, सावकारांकडून जवळपास ७० टक्के. अर्धशतक चाललेल्या सहकारी चळवळीची ही मिळकत. समितीनं सुचवलं की सरकारनं सहकारी संस्थांत भागीदार व्हावं, आणि पत, विक्री व प्रक्रिया ही साखळी जोडावी. हे वाचताना लोणी डोळ्यांपुढे येते. भागीदार सरकार, प्रक्रिया हातात घेतलेले उत्पादक आणि उसाच्या बिलातून होणारी कर्जवसुली हे सगळं समितीतल्या एका सभासदानं आधीच चालवून पाहिलं होतं. गाडगीळ पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९६७ साली नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, आणि राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचं १९६९चं सूत्र त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. त्या सूत्रात चालू पाटबंधारे आणि वीज प्रकल्पांसाठी १० टक्के राखून ठेवलेले होते. अर्धवट पडलेल्या कालव्याची किंमत मोजलेला माणूसच असे दहा टक्के बाजूला काढतो, असं मला ते वाचताना नेहमी वाटतं.

एक गोष्ट मात्र खुपते, आणि ती सांगितली पाहिजे. कालव्यांच्या पाहणीत मजूर होते. त्यांचे कामाचे दिवस, त्यांची मजुरी हा लाभाचाच भाग म्हणून मोजला गेला होता. सहकारी कारखान्याच्या सभासद वहीत मात्र ते आले नाहीत. ऊस लावणारा सभासद झाला. कोरडवाहू मुलखातून बैलगाडी आणि कोयता घेऊन येणारी, पाचटाच्या कोपीत सहा महिने काढणारी टोळी बाहेरच राहिली. सहकारी समाजव्यवस्था हा गाडगीळांचा ध्यास होता. तिच्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. पण तक्त्यात ज्यांचा रकाना होता त्यांना भाग मिळाला नाही, आणि त्याची फळं बीड-पाथर्डीची घरं अजून भोगत आहेत.

१९६६ साली गोखले संस्थेची सूत्रं वि. म. दांडेकरांकडे आली. साताऱ्यात जन्मलेले, कलकत्त्यात संख्याशास्त्र शिकलेले, १९४५च्या सुमारास संस्थेत आलेले. त्यांनी आणि खुदानपूर यांनी १९५७ साली कूळ कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी छापली. कायदा पुस्तकात काय म्हणतो आणि सातबाऱ्यावर काय घडतं, यातलं अंतर त्यांनी गावोगाव मोजलं. त्यांचं ज्या कामाशी नाव कायमचं जोडलं गेलं, ते पीक विम्याचं. प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान स्वतंत्र बघायचं म्हटलं तर तपासनीस पुरणार नाहीत, खर्च हप्त्यापेक्षा जास्त होईल आणि भांडणं मिटणार नाहीत. विमा कंपन्या म्हणून त्या वाटेला जात नव्हत्या. दांडेकरांनी १९७६ साली मांडलं की शेत नका बघू, परिसर बघा. त्या भागाचं सरासरी उत्पन्न नेहमीपेक्षा किती घटलं ते मोजा आणि तिथल्या सगळ्या विमेदारांना त्या प्रमाणात भरपाई द्या. १९७९ साली सर्वसाधारण विमा महामंडळानं या तत्त्वावर प्रायोगिक योजना सुरू केली, १९८५ साली ती देशव्यापी झाली.

या रीतीत अन्यायही होतो. शेजारचं पीक वाचलं आणि माझं गारपिटीत गेलं तर परिसराची सरासरी मला काही देत नाही, आणि शेतकरी त्याबद्दल दर हंगामात तक्रार करतो. म्हणून परिसर लहान करत करत तो आता महसूल मंडळापर्यंत, काही पिकांना गावापर्यंत आला आहे. मोजणी मात्र तशीच चालते. कापणीच्या दिवशी कृषी सहायक शेतात येतो, आकड्यांच्या तक्त्यावरून जागा ठरवतो, टेप धरून दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद चौकोन आखतो. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकतात, दोरी बांधतात. आतलं पीक कापून, मळून, उफणून तराजूत घालतात. शेतकरी बांधावर उभा राहून काट्याकडे बघत असतो, आणि सहायक वहीत आकडा लिहितो.